412 जणांचे पैसे घेतले आणि दहा महिने गप्प बसलो. आता काय लिहू?

माटोळीवाला | 3 जून, रात्री 10:14

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो. आज अडचण आहे म्हणून लिहितोय.

मी फोंड्याचा. माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर फळा-पानांची जी चौकट बांधतात तिच्यावर, एक बोर्डगेम केला. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दोन दिवसांत बाजार आणि रान पालथं घालून कांगलं, घागऱ्यो, सुपारीचं शिपटं, तोरिंगण, आंबाडे असली फळं-शेंगा गोळा करायच्या आणि दुसऱ्याच्या आधी आपली माटोळी पुरी करायची, असा खेळ. किकस्टार्टरवर भारतातून थेट प्रकल्प टाकता येत नाही, म्हणून इथल्याच एका क्राउडफंडिंगच्या, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या, साइटवर मार्च 2025 मध्ये टाकला. 412 लोकांनी मिळून 431 पेट्यांची नोंदणी केली. पेटी 1,650 रुपयांची, म्हणजे साधारण 7 लाख 11 हजार जमले. वायदा होता 2025 च्या चवथीआधी घरपोच.

जुलैत कार्डं छापून घरी आली. खर्च वाचवायला मी एकाच बाजूला लॅमिनेशन करून घेतलं होतं. ओसरीवर खोके रचले आणि आठवड्याभरात एकूण एक कार्ड पापडासारखं वळलं. गठ्ठा टेबलावर ठेवला की वरची दहा-बारा कार्डं आपसूक घसरून खाली यायची. पंख्याखाली ठेवली, गादीखाली ठेवली, शेवटी आजीचा पाटा वर ठेवला. पाटा काढला की तासाभरात पुन्हा होडी. 431 गठ्ठे, प्रत्येकात 96 कार्डं.

त्यानंतर मी लोकांना काही कळवलंच नाही. रोज रात्री ईमेल लिहायला बसायचो आणि खोडायचो. खेळ सोडलेला नाही, नवीन नमुना हातात आहे आणि तो वळत नाही. पण दहा महिन्यांनी तोंड कसं दाखवू? काय लिहिलं तर लोक पुन्हा विश्वास ठेवतील?

सोलकढी_दुप्पट | 3 जून, रात्री 10:31

आमच्याकडे सार्वजनिक गणपतीच्या कुपनांचा ड्रॉ दर वर्षी पुढे जातो. फलकावर पहिल्या बक्षिसाची गाडी मात्र कोरी करकरीत. विश्वास काय, आम्ही पुढच्या वर्षी परत कुपन घेतो. तू पण पेटीत एक कूपन घाल.

बारा_बोडकी | 3 जून, रात्री 10:40

रुमाल टाकून ठेवतो. धागा पेटणार.

जुना_खेळिया | 3 जून, रात्री 11:22

धागाकर्ते, आधी उशिराचं ओझं खाली ठेवा. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलच्या ईथन मॉलिक यांनी किकस्टार्टरच्या प्रकल्पांवर 2014 साली निबंध लिहिला, त्यात 75 टक्क्यांहून जास्त प्रकल्पांनी माल उशिरा दिला असं निघालं. त्यांच्याच 2015 च्या पाहणीत अजिबात माल न पोचवणारे साधारण 9 टक्के. थोडक्यात, उशीर हा या धंद्याचा नियमच आहे. तो सगळ्यांनी गृहीत धरलेला असतो.

'हॉलो नाइट' हा व्हिडिओगेम घ्या. 2014 ला किकस्टार्टरवरून उभा राहिला, 2017 ला आला. पैसे देणाऱ्यांना जे जादा प्रकरण कबूल केलं होतं, त्याचा फुगत फुगत वेगळा गेमच झाला, 'सिल्कसाँग'. घोषणा फेब्रुवारी 2019 ची, गेम आला 4 सप्टेंबर 2025 ला. मधे महिनोन्‌महिने चकार शब्द नाही. लोकांनी त्यावर विनोद केले, पण आल्या दिवशी उड्याही मारल्या.

पेठेतला_पाहुणा | 3 जून, रात्री 11:35

गोव्यात दहा महिने म्हणजे फार नाही हो. सुशेगाद, सगळं निवांत!

पेडण्याची_पोर | 4 जून, सकाळी 6:50

@पेठेतला_पाहुणा, सकाळी पाचला उठून शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात माल मांडणाऱ्या बायकांना एकदा हा शब्द ऐकवा. वर जिवंत राहिलात तर धाग्यावर कळवा.

पेठेतला_पाहुणा | 4 जून, सकाळी 7:15

शब्द मागे. 🙏 मी सुद्धा 1 ते 4 मधला माणूस आहे.

नाटक्या | 4 जून, सकाळी 9:05

@जुना_खेळिया, तुमचं उदाहरण इथे लागू नाही. त्या लोकांनी आधी एक गेम हातात ठेवला होता, आणि तोही नावाजलेला. त्यांच्या गप्प बसण्याला किंमत होती. आपल्या मित्राने अजून कुणाच्या हातात काय ठेवलंय? एक पीडीएफ?

आमच्या गावात जत्रेला नाटक असतं. घरटी वर्गणी. एकदा खजिनदाराने तालमीच्या चहापाण्यावर आणि नव्या पडद्यावर इतके उडवले की बाजाच्या पेटीवाल्याला द्यायला पैसे राहिले नाहीत. गडी दोन महिने वाट चुकवून चालायचा. देवळासमोरून न जाता शेतातून जायचा. चोरी केली नव्हती हो, पडदा तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेला होता. पण शेतातून जातो म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजले. शेवटी एका म्हाताऱ्या महाजनाने त्याला सभामंडपात बसवून वही वाचायला लावली. एकेक ओळ. 'चहा, 42 कप.' लोक हसले, शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षी वही पुन्हा त्याच्याकडेच होती.

माझं म्हणणं, पत्र नको. वही वाच.

छापखान्यातली | 4 जून, दुपारी 12:48

मी म्हापशात छपाईच्याच धंद्यात आहे. भावनिक बाजू इतर बघतील, मी कागदाचं बोलते.

कागद हवेतलं पाणी पितो आणि फुगतो. एका बाजूला प्लास्टिकचा थर बसवला की ती बाजू बंद. उघडी बाजू तेवढी फुगते, म्हणून कार्ड लॅमिनेशनच्या बाजूला वळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा पाणी पितात, तिथे तुमच्या कार्डाचं काय घेऊन बसलात. उपाय दोन: दोन्ही बाजूंना सारखा थर, किंवा थरच नको, वरून वॉर्निश. शिवाय ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, बघा. कार्डाच्या लांबीला समांतर घ्यायची की आडवी, हे प्रेसला आधी सांगावं लागतं. चांगली खेळायची कार्डं 300 ते 310 जीएसएमची (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), मधे काळा थर असलेली असतात. तो काळा थर उजेडात पलीकडचं चित्र दिसू नये म्हणून.

आणि नमुना एसीच्या खोलीत तपासू नका. न्हाणीघराबाहेर चार दिवस ठेवा. तुमचा 'वळत नाही' वाला नमुना कुठल्या महिन्यात तपासलात?

माटोळीवाला | 4 जून, दुपारी 1:30

एप्रिलमध्ये. 😐

छापखान्यातली | 4 जून, दुपारी 1:32

मग तो नमुना तपासलेला नाही. पाऊस सुरू झालाय, आजच बाहेर ठेवा.

सोलकढी_दुप्पट | 4 जून, दुपारी 1:40

आजीचा पाटा तयार ठेव रे.

मांडवीपार | 4 जून, संध्याकाळी 5:20

कायद्याचं थोडं. आगाऊ पैसे घेऊन वस्तू द्यायचं कबूल केलंत. साइटच्या अटींत काय लिहिलंय ते आज रात्री बसून वाचा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. कुणी गेलं तर तुमच्या बाजूने काय असेल? बिलं, प्रेसचे संदेश, बँकेचा उतारा. सगळं एका फायलीत लावा. 'आपण देणगी दिली होती' असला युक्तिवाद चुकूनही लिहू नका, लोक त्याच शब्दावर भडकतात.

जुना_खेळिया | 4 जून, संध्याकाळी 7:02

मांडवीपार म्हणतात त्याला दाखला आहे. 'द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी' नावाचा बोर्डगेम. 2012 ला किकस्टार्टरवर 35 हजार डॉलर मागितले, 1 लाख 22 हजारांच्या वर जमले. वर्षभर 'चाललंय, चाललंय' अशी पत्रं आणि जुलै 2013 ला एकदम 'प्रकल्प बंद'. पुढे क्रिप्टोझोइक कंपनीने खेळ काढला आणि पैसे दिलेल्यांना फुकट पोचवला. तरी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2015 साली प्रकरण हाती घेतलंच. क्राउडफंडिंगवरची त्यांची ती पहिली कारवाई. म्हणजे बघा, खेळ मिळूनसुद्धा मूळ माणूस सुटला नाही.

नाटक्यांनी माझं उदाहरण खोडलं ते मान्य. दुसरं देतो. डबल फाइन या व्हिडिओगेम कंपनीने 2012 ला किकस्टार्टरवर 4 लाख डॉलर मागितले, 33 लाख जमले, तरी पैसे पुरेनात. जुलै 2013 ला त्यांनी पैसे दिलेल्यांना सरळ लिहिलं की गेमचे दोन भाग करतोय, पहिला आधी विकून दुसरा पुरा करू. बोंबाबोंब झाली. पण कामाचं चित्रीकरण ते पहिल्यापासून लोकांना दाखवत होते, चुकांसकट. पहिला भाग जानेवारी 2014, दुसरा एप्रिल 2015, दोन्ही आले.

भाचरांची_मावशी | 5 जून, रात्री 8:17

मी तुमच्या 412 मधली एक आहे. तीन पेट्या. 4,950 रुपये.

माझे भाचे दुबईला असतात. चवथीला येतात, सात दिवस राहतात आणि जातात. गेल्या वर्षी त्यांना सांगून ठेवलं होतं की माटोळीचा खेळ येतोय, आधी खेळा आणि मग खरी माटोळी बांधायला बसा. चवथ 27 ऑगस्टला होती. पोरं आली, विचारलं, गेली. तुम्हाला मी चार ईमेल केले. एकालाही उत्तर नाही.

आज एका मैत्रिणीने हा धागा पाठवला. म्हणजे कार्डं वळली हे मला, पैसे देऊन बसलेल्या बाईला, इथे कळतंय. पेठेतल्या पाहुण्यांना माझ्या आधी कळलं!

आणि आजीच्या पाट्याची गोष्ट छान रंगवलीत, पण एक सांगायचं विसरलात. तुमचा शेवटचा अपडेट 11 ऑगस्टचा. माझ्याकडे अजून आहे, जसाच्या तसा देते: 'कार्डं सुंदर आली आहेत. पेट्या भरायला घेतल्या. चवथीला भेटूच!' कार्डं तर जुलैतच वळली होती ना?

बारा_बोडकी | 5 जून, रात्री 8:25

रुमालाचं चीज झालं.

पेडण्याची_पोर | 5 जून, रात्री 8:58

बापरे. मावशी, मी कालपर्यंत धागाकर्त्याच्या बाजूने होते.

@माटोळीवाला, तू म्हणतोस दहा महिने गप्प बसलो. गप्प नंतर बसलास रे. आधी खोटं बोललास, आणि ते खोटं उघडं पडू नये म्हणून गप्प बसलास. इथे आमच्यासमोर कबुली देतानाही नेमकी तीच ओळ गाळलीस.

नाटक्या | 5 जून, रात्री 9:30

सहमत. आमचा खजिनदार शेतातून गेला, पण 'पेटीवाल्याला पैसे दिले' असं कधी म्हणाला नव्हता.

मांडवीपार | 5 जून, रात्री 10:11

11 ऑगस्टची ओळ आधी माहीत असती तर माझा कालचा सल्ला जरा कडक असता. धागाकर्ते, तो अपडेट साइटवरून काढू नका. तसाच राहू द्या.

*(6, 7 आणि 8 जूनला धागाकर्त्याकडून काही नाही.)*

सोलकढी_दुप्पट | 8 जून, सकाळी 11:03

धागासुद्धा वळला वाटतं.

पेठेतला_पाहुणा | 8 जून, सकाळी 11:20

मी सुशेगाद म्हणणार नाही, मी सुशेगाद म्हणणार नाही.

छापखान्यातली | 8 जून, दुपारी 3:44

हसू नका. शरमेने बसलेला माणूस दुसऱ्यांदा पण बसतो. माझ्याकडे लग्नपत्रिकेत नवरीचं आडनाव चुकवणारा एक मुलगा होता. त्याने फोन बंद करून ठेवला आणि पत्रिका वाटायला गेल्या. चूक दहा मिनिटांत सुधारली असती. माझ्या मते त्या वेळी फोन लावून देणारा एक माणूस लागतो. अपडेट लिहायचं काम खेळ बनवणाऱ्याने करूच नये. घरातलं दुसरं कुणी, बहीण, बायको, मित्र, ज्याला कार्डांची लाज वाटत नाही, त्याने महिन्याला लिहावं.

(अवांतर: आडनाव वालावलीकर. एक 'व' कमी पडला होता.)

माटोळीवाला | 9 जून, रात्री 11:50

गप्प होतो, कारण या वेळी आधी त्यांना लिहून मग इथे यायचं ठरवलं. आज दुपारी 412 ईमेल गेले. मावशींना लिहिलं तेच देतो, नुसतं नाव काढून:

'11 ऑगस्ट 2025 ला मी तुम्हाला कळवलं की कार्डं सुंदर आली आहेत आणि पेट्या भरतोय. ते खोटं होतं. कार्डं त्याआधी तीन आठवडे वाकडी होऊन माझ्या ओसरीवर पडली होती. तुमचे ईमेल मी वाचले, उत्तर दिलं नाही.

आलेले पैसे 7,11,000. साइटचा आणि बँकेचा वाटा 50,000. चित्रकार 1,20,000. वाया गेलेली कार्डं 1,65,000. लाकडी सोंगट्या 74,000, त्या चांगल्या आहेत. नमुने आणि डाय (कार्डं कापायचा साचा) 38,000. शिल्लक 2,64,000. नवीन कार्डं, पट आणि पेट्या 2,55,000, टपाल 39,000. कमी पडणारे 30,000 मी घालतोय.

नवीन नमुना 4 जूनपासून न्हाणीघराबाहेर आहे. फोटो जोडला आहे. छपाईला तो 20 जूनला जाईल, सरळ राहिला तर. वळला तर 20 तारखेला तसं कळवीन.

पैसे परत हवे असतील तर याच ईमेलला "परत" एवढंच लिहा. शिलकीतून सगळ्यांना एकदम देता येणार नाहीत, महिन्याला दहा जणांना देईन, आलेल्या क्रमाने. यापुढे दर 20 तारखेला माझी बहीण लिहील.'

अमेरिकेतल्या सहा जणांना वेगळा परिच्छेद आहे. 2025 च्या ऑगस्टअखेर टपाल खात्याने तिकडची पार्सलं थांबवली होती आणि ऑक्टोबरात परत सुरू केली. ते कारण मी पुढे करू शकलो असतो. पण माझ्याकडे पाठवायला पेट्याच नव्हत्या, हेही त्यांना लिहिलं.

जुना_खेळिया | 10 जून, सकाळी 7:40

'माफ करा' कुठे आहे?

माटोळीवाला | 10 जून, सकाळी 8:02

होतं. पहिल्या मसुद्यात अर्धं पान होतं. बहिणीने काढलं. म्हणाली, हे तू तुला बरं वाटावं म्हणून लिहिलंयस.

पेडण्याची_पोर | 10 जून, सकाळी 8:10

बहिणीला आयडी काढून द्या इथे.

मांडवीपार | 10 जून, सकाळी 9:25

'महिन्याला दहा' हे मला पटलं नाही. पन्नास जणांनी मागितले तर पाच महिने, दर महिन्याला दहा जणांचे पैसे तुमच्या खिशातून जाणार. लेखी कबूल केलंत, आता ते पाळावं लागेल. पाच लिहिले असते तर बरं होतं.

नाटक्या | 10 जून, सकाळी 9:50

वही वाचली, बस. तारीख एकच दिली आणि तीही खेळाची नाही, नमुन्याची, हे मला सगळ्यात आवडलं. 'चवथीला भेटूच' कुठे नाही. यंदा चवथ 14 सप्टेंबरला आहे, मोह झाला असेल.

माटोळीवाला | 10 जून, सकाळी 10:15

झाला होता.

आतापर्यंत 23 'परत' आले. 61 जणांनी 'ठीक आहे' किंवा तसं काहीतरी लिहिलं. एकाने फक्त शिवी दिली, ती ओघवती कोंकणीत. बाकीचे गप्प. त्यांनी दहा महिने गप्प बसावं, मला चालेल.

सोलकढी_दुप्पट | 10 जून, सकाळी 10:17

शिवी इथे दे, भाषेचं संवर्धन होईल.

छापखान्यातली | 20 जून, संध्याकाळी 6:05

आज 20. मला कुतूहल आहे.

माटोळीवाला | 20 जून, संध्याकाळी 7:30

बहिणीने पाचला पाठवलं. सोळा दिवस बाहेर, मधे तीन दिवस धो-धो. काचेवर ठेवून पट्टी लावली. मधोमध साधारण दीड मिलिमीटर उचललंय, पत्ते पिसता येतात. तरी ताई, तुमच्या सल्ल्याने दोन्ही बाजूंचा थर काढून वॉर्निशवाला दुसरा नमुना मागवलाय. म्हणून छपाई आज गेली नाही. आठवडा पुढे, 27 ला. तेच कळवलं.

छापखान्यातली | 20 जून, संध्याकाळी 7:41

दीड चालेल खरं तर. पण बघा वॉर्निश.

भाचरांची_मावशी | 21 जून, सकाळी 7:12

ईमेल दोन्ही मिळाले. मी 'परत' लिहिलेलं नाही. 'ठीक आहे' पण लिहिलेलं नाही, त्या 61 मध्ये मला धरू नका.

नमुन्याच्या फोटोत घागऱ्यो आणि कांगलं अशी दोन कार्डं दिसतात. घागऱ्यांच्या चित्रात शेंगा वर तोंड करून काढल्यात. माटोळीला बांधतात तेव्हा झुबका खाली लोंबतो, पोरं खालून हात मारून वाजवतात. छपाई 27 ला असेल तर अजून बदलता येईल, चित्रकाराला विचारा.

आणि माझा पत्ता बदललाय. मार्चमध्ये ताळगावहून पर्वरीला आलो. तो कुणाला कळवायचा, तुम्हाला की बहिणीला?